ऑरेंज: आधी फळ की आधी रंग?

काटोलनाका
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझी मुलगी पहिलीत आहे. मागच्या आठवड्यात तिला इंग्रजीचं एक वर्कशीट मिळालं. सफरचंद, केळं, संत्रा, वांगं अशी नुसत्या रेघांची चित्रं होती. ती रंगवायची आणि शेजारच्या चौकटीत रंगाचं विशेषण लिहायचं. तिनं सफरचंद लाल केलं, केळं पिवळं, वांगं जांभळं. संत्रा मात्र हिरवा. सरसकट हिरवा नाही. देठापाशी गर्द, पोटाकडे पोपटी, आणि एका अंगाला पिवळसर तांबूस डाग, ऊन लागलेल्या बाजूला असतो तसा. चौकटीत लिहिलं 'ग्रीन'. कागद परत आला तेव्हा चित्रावर लाल फुली होती आणि बाजूला शेरा, 'ऑरेंज इज ऑरेंज'.

ती रडली नाही. टोपलीतला एक संत्रा घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आई, हा बघ ना." माझ्या माहेरचा बगीचा काटोलजवळ आहे. दिवाळी झाली की बाबा पोतंभर संत्रे पाठवतात. आंबिया बहाराचा माल, साल हिरवट आणि आतून साखर. तिनं टोपलीत पाहिलं तेच कागदावर उतरवलं होतं. मग तिनं विचारलं, "ऑरेंज हे फळाचं नाव आहे की रंगाचं?" मी म्हटलं, दोन्ही. "मग आधी कोणाचं होतं?" इथे माझी गाडी अडली.

आपल्या नागपुरात ऑरेंज सिटी हे शब्द हॉटेलापासून पंक्चरच्या दुकानापर्यंत सगळीकडे आहेत. रोज वाचतो, आणि या शब्दाबद्दल मला काहीच ठाऊक नाही हे त्या दिवशी कळलं. जाणकारांनी कृपया सांगावं. लेकीला खरं उत्तर द्यायचं आहे.

बगीचेवाला_नरखेड
ताई, तुमच्या पोरीनं बरोबर काढलं. शंभर टक्के बरोबर. भाषेचं मले काही समजत नाही, पण संत्र्याचं सांगतो.

आपल्या इकडं दोन बहार. आंबियाचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येते, तोडा ऑक्टोबर ते डिसेंबर. मृगाचा फुलोरा पावसाच्या तोंडाशी, जून-जुलैत, अन् तोडा फेब्रुवारी ते एप्रिल. आता सालीतला हिरवेपणा जाते कशानं? थंडीनं. रात्री गार पडाले लागल्या म्हणजे हिरवं उतरते अन् खालचा पिवळा-तांबडा रंग वर दिसते. आंबियाचं फळ थंडी पुरती पडाच्या आधीच गोड होऊन जाते. म्हणून साल हिरवी अन् आत रस तयार. मृगाचं फळ सारी थंडी झाडावर काढते, म्हणून त्याले रंग चढते. तुमच्या बाबांनी आंबियाचा माल पाठवला, पोरीनं आंबियाचाच रंग देला. तिचं चुकलं कुठं?

हिरवा संत्रा तयार झाला का नाही हे रंगानं नाही समजत. हातात घेतला का वजन लागलं पायजे. देठाजवळ अंगठा दाबला का साल आतल्या फोडीपासून सुटल्यावानी पोकळ लागते. साल अशी सुटी असणं हीच नागपुरी संत्र्याची ओळख आहे, मोसंबीची साल अशी सुटत नाही.

पण मंडीत हे कोणी पाहात नाही. तिथं रंग पाहूनच भाव होते. म्हणून काही जण माल एथिलीन वायूच्या खोलीत ठेवतात. त्यानं फक्त सालीतलं हिरवं उतरते, गोडी काही वाढत नाही. मंग त्यावर मेणाचं कोटिंग. शहरातला माणूस चमकणारा नारिंगी संत्रा उचलते अन् हिरवा बाजूले ठेवते. दरवर्षी हे पाहून जीव तुटते. वरसभर ताण देऊन, पाणी मोजून, डिंक्या रोगापासून झाड वाचवून आणलेला माल असते तो.

पिंपळपान
काटोलनाका ताई, मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक, धरमपेठेत राहतो. तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: फळ आधी, रंग नंतर. इंग्रजीत ऑरेंज हे फळाचं नाव १४व्या शतकापासून सापडतं. रंग म्हणून तो शब्द वापरात दिसतो १६व्या शतकाच्या सुरुवातीपासून.

मग त्याआधी तो रंग दिसत नव्हता का? दिसत होताच. त्याला स्वतंत्र नाव नव्हतं. जुन्या इंग्रजीत 'येओलुरेआद' असा जोडशब्द होता, म्हणजे पिवळा-लाल. १४व्या शतकातल्या चौसर या कवीला कोल्ह्याचा रंग सांगायचा होता, तर त्यानं 'पिवळा आणि लाल यांच्या मधला' असं लिहिलं. एवढा मोठा कवी, पण हाताशी शब्द नाही. म्हणून त्या काळी पडलेल्या नावांत हा रंग लालच्या घरात मोडतो. रॉबिन पक्ष्याची छाती चक्क नारिंगी असते, पण त्याचं नाव 'रॉबिन रेडब्रेस्ट'. नारिंगी केसांचा माणूस 'रेडहेड'. तिकडची नारिंगी खार 'रेड स्क्विरल'. पुढे शब्द आला, तरी जुनी नावं तशीच राहिली.

हे आपल्यालाही परकं नाही. पहाटे पूर्वेकडे जो रंग पसरतो त्याला आपण 'तांबडं फुटलं' म्हणतो. फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहून एकदा नीट पाहा, तो रंग तांबडा नसतो. पण म्हण बदलत नाही आणि बदलूही नये.

आता व्याकरण. हा शब्द मुळात नाम आहे आणि विशेषणाच्या जागी बसूनबसून विशेषण झाला आहे. मी वर्गात दोन उदाहरणं देत असे, 'ऑरेंज ज्यूस' आणि 'ऑरेंज शर्ट'. दिसायला सारखी, पण मराठीत आणली की फरक उघडा पडतो. पहिल्याचं 'संत्र्याचा रस', दुसऱ्याचं 'नारिंगी शर्ट'. एकीकडे षष्ठी, एकीकडे विशेषण. पहिल्यातला ऑरेंज अजून नामच आहे. त्याच्या आधी 'व्हेरी' लावून पाहा. 'व्हेरी ऑरेंज शर्ट' म्हणजे खूप भडक नारिंगी शर्ट, हे चालतं. 'व्हेरी ऑरेंज ज्यूस' म्हटलं की अर्थ बदलतो, लगेच रसाच्या रंगाबद्दल बोलणं सुरू होतं, मग तो रस गाजराचाही असू शकेल. लेकीच्या कागदावरच्या 'ऑरेंज इज ऑरेंज' या शेऱ्यात पहिला शब्द नाम आहे आणि दुसरा विशेषण. त्या तीन शब्दांत तिचा प्रश्न अख्खा सामावलेला आहे.

गोदाकाठ
सुरेख प्रतिसाद, सर. मी नाशिकची. आमच्याकडे 'संत्रं' म्हणतात, नपुंसकलिंगी, अनेकवचन 'संत्री'. तुमच्याकडे 'संत्रा' आणि 'संत्रे'. नागपूरच्या जाऊबाईंनी पहिल्यांदा "संत्रे आणले" म्हटलं तेव्हा मला थोडं वेगळं वाटलं होतं, आता तेच गोड वाटतं. प्रश्न असा की फळ संत्रा, मग रंग नारिंगी का? संत्री रंग का नाही?

शुक्रवारी_तलाव
गोदाकाठ ताई, कारण आपल्याकडे रंगाचं नाव जुन्या शब्दावर उभं आहे, आणि फळाला नंतर दुसरं नाव मिळालं. नारिंग हा मराठीतला जुना शब्द, त्याला ई लागून नारिंगी. केशर-केशरी, गुलाब-गुलाबी, शेंदूर-शेंदरी, तसंच. इंग्रजीला असा प्रत्यय लावावा लागत नाही, फळाचं नाव जसंच्या तसं रंगाला चालतं. म्हणून तिकडे गोंधळ होतो. मराठीत तो होत नाही, आणि ही आपल्या भाषेची मोठी सोय आहे.

पण मला लिहायचं आहे ते पुढचं. ऑरेंज हा शब्द आपलाच आहे. संस्कृतात 'नारंग'. त्याच्याही मागे द्राविडी मूळ मानतात, तमिळमध्ये 'नरु' म्हणजे सुवास, आणि मल्याळीत लिंबाला आजही 'चेरुनारंगा', म्हणजे छोटं नारंग, म्हणतात. हा शब्द फळासोबत पश्चिमेला निघाला. फारसीत नारंग, अरबीत नारंज. अरबांनी कडवट संत्र्याची झाडं भूमध्य सागराच्या काठाने स्पेनपर्यंत नेली, तिथे शब्द झाला नारांखा. पोर्तुगीजांनी न चा ल केला, लारांजा. इटलीत अरांचा. जुन्या फ्रेंचमध्ये ओरेंज, आणि तिथून इंग्रजीत.

सुरुवातीचा न कुठे गेला? एक गोष्ट फार फिरते, की इंग्रज लोक 'अ नॉरेंज' म्हणता म्हणता 'अन ऑरेंज' म्हणायला लागले. ऐकायला छान आहे, पण न त्याच्या आधीच गळला होता, इटालियन आणि फ्रेंचमध्ये. तिथेही 'एक' या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी न येतो, त्यामुळे पुढचा न त्यात मिसळून गेला. आणि फ्रेंचमध्ये 'ओर' म्हणजे सोनं, सोन्यासारखं फळ म्हणून ओ ची भर पडली असं मानतात. इंग्रजीत असं खरोखर घडलं ते दुसऱ्या शब्दांचं. एप्रन हा आधी 'नॅप्रन' होता.

तेव्हा काटोलनाका ताई, लेकीला हेही सांगा की शाळेत जो इंग्रजी शब्द ती शिकते आहे तो तिच्या आजोबांच्या बगीच्यातल्या झाडासोबतच जगभर हिंडून आला आहे. मी एका ग्रंथालयात काम करते. शब्दांच्या अशा वाटा हातात धरून दाखवता येतात तेव्हा मुलं डोळे मोठे करून ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

रामटेककर
अमरकोशात या फळाला 'नागरंग' असं नाव आहे ना? 'ऐरावतो नागरङ्गो' असं काहीतरी लहानपणी पाठ केलं होतं. मग नागरंगाचं गाव म्हणून नागपूर, असं असेल का?

शुक्रवारी_तलाव
रामटेककर काका, नागरंग बरोबर, अमरकोशात आहे. पण गावाचं नाव त्यावरून नाही. नागपूर हे नाव नाग नदीशी आणि नागांशी जोडलेलं. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं १८व्या शतकाच्या सुरुवातीला शहर वसवलं, आणि आजच्या संत्र्याची लागवड इकडे आली त्यानंतर, भोसल्यांच्या काळात. रोपं औरंगाबादेकडून आणली असं सांगतात. म्हणजे नाव आधी, संत्रा नंतर. अक्षरं जुळली म्हणून मोह होतो, मलाही झाला होता.

रामटेककर
समजलं. धन्यवाद, ताई.

वर्धारोड
आणि 'संत्रा' कुठून आला? मी ऐकलं होतं की पोर्तुगालमध्ये सिन्त्रा नावाचं गाव आहे, त्यावरून.

शुक्रवारी_तलाव
ही व्युत्पत्ती जुन्या इंग्रज कोशकारांनी दिली आणि पुढे सगळे तीच सांगत गेले. मला ती पटत नाही. बाबरानं आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांचं बारीक वर्णन केलं आहे, त्यात नारंजही आहे आणि वेगळं 'संगतरा'ही आहे. बाबर वारला १५३० मध्ये. पोर्तुगीज कालिकतला उतरले १४९८ मध्ये. बत्तीस वर्षांत एका परक्या गावाचं नाव किनाऱ्यावरून थेट उत्तरेत जाऊन फळाला चिकटलं आणि बाबराला तिथलं देशी फळ म्हणून ऐकू आलं, हे जरा अवघड वाटतं.

खरं पोर्तुगीज नाव पाहायचं तर पश्चिमेला पाहा. गोड संत्री युरोपात आणि आसपास पसरवली ती पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी, म्हणून अरबीत गोड संत्र्याला 'बुर्तुकाल' म्हणतात, तुर्कीत 'पोर्ताकाल', ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली'. तिथे फळाचं नावच पोर्तुगाल. आणि डच लोक त्याला 'सिनासअपेल' म्हणतात, म्हणजे चिनी सफरचंद.

बगीचेवाला_नरखेड
हे वाचून लई आनंद झाला. एक विचारतो. आपल्या संत्र्याले कागदोपत्री 'नागपूर मँडरीन' म्हणतात, अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत गेलं का सगळीकडं तेच लिहिलेलं. २०१४ साली भौगोलिक मानांकन भेटलं तवाही 'नागपूर ऑरेंज' अन् मँडरीन दोन्ही शब्द कानावर पडले. हे मँडरीन म्हणजे काय?

पिंपळपान
बगीचेवाले भाऊ, हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं. वनस्पतिशास्त्रात तुमचा संत्रा हा सुटसुटीत सालीचा, मँडरीन गटातला, सिट्रस रेटिक्युलाटा. युरोपातला घट्ट सालीचा गोड ऑरेंज वेगळा, तो आपल्या मोसंबीचा भाऊबंद. म्हणजे काटेकोर बोलायचं तर इंग्रज माणसाच्या डोळ्यापुढे ऑरेंज म्हटल्यावर जे फळ येतं ते आपलं नव्हेच.

आता शब्द. मँडरीन म्हणजे मूळ अर्थ चीनच्या दरबारातला अधिकारी. पोर्तुगीजांनी 'मंदारिम' हा शब्द घेतला मलय भाषेतल्या 'मेंतेरी' वरून, आणि मेंतेरी आला संस्कृत 'मंत्री' वरून. ऑरेंजमध्ये नारंग आणि मँडरीनमध्ये मंत्री. नागपूर मँडरीन ऑरेंज असं म्हटलं तर त्या तीन शब्दांपैकी एकही मुळात इंग्रजी नाही.

बगीचेवाला_नरखेड
मंत्री! आज रात्री बाबूजीले सांगतो. त्यांचं वय ८१ आहे, कलमं अजून स्वतःच्या हातानं बांधतात, जंबेरी लिंबाच्या खुंटावर. त्यांले हे आवडन.

रंगारी_महाल
मी नागपूरच्या महाल भागात दुकानांचे बोर्ड रंगवतो. ३० वर्षं झाली. आता सगळं फ्लेक्सवर गेलं तरी हातानं लिहून घेणारे अजून आहेत. गिऱ्हाईक म्हणतं "ऑरेंज मारा". मी डबे उघडून दाखवतो आणि विचारतो, कोणता? कारण एक शब्द पुरत नाही.

शेंदरी हा सगळ्यात तापलेला, लालाकडे झुकणारा. शेंदूर म्हणजे शिसं भाजून केलेली भुकटी, त्यात मुळातच तो रंग असतो, मारुतीच्या अंगावर थरावर थर चढतात तो. केशरी त्याहून पिवळा आणि स्वच्छ, तिरंग्याच्या वरच्या पट्ट्याचा. भगवा म्हणजे मातीत मुरलेला, कापडावर उन्हापावसाचा झालेला, त्यात थोडी गेरूची छटा असते. नारिंगी फळाचा, मृगाच्या पिकलेल्या संत्र्याचा. अबोली तर यात पांढरा घातला की होते. पाच डबे, पाच नावं, आणि गिऱ्हाईकाच्या तोंडी एकच ऑरेंज. मी ब्रशानं पाचही पट्टे शेजारी शेजारी ओढतो, तेव्हा लोक बोट ठेवतात आणि म्हणतात, "हा, हा पाहिजे होता." आणि ते बोट बहुतेक वेळा केशरीवर असतं.

ताईंच्या मुलीनं हिरव्यावर तांबूस डाग दाखवला, हे वाचून मला तिचा हात धरून दुकानात आणावंसं वाटलं. सहाव्या वर्षी हे दिसत नाही सगळ्यांना. मोठी माणसंसुद्धा फळ न पाहता फळाचं नाव रंगवतात.

मिहानवाली
रंगारी दादा, तुम्ही म्हणता ते सरकारी कागदांतही दिसतं. रेशनकार्डाचे रंग पिवळा, केशरी आणि पांढरा. तिथे 'केशरी शिधापत्रिका' असाच शब्द आहे, माझ्या आजीच्या तोंडीही 'केशरी कार्ड'. आणि मे महिन्यात हवामान खातं उष्णतेचा इशारा देतं तेव्हा बातमीत येतं 'ऑरेंज अलर्ट'. मेट्रोनं खापरीहून सीताबर्डीला जाते ती 'ऑरेंज लाइन'. रंग जवळपास एकच. जुन्या गोष्टींना केशरी, नव्या गोष्टींना ऑरेंज. नारिंगी मात्र बोलण्यातून मागे पडत चालला आहे, याचं मला वाईट वाटतं. ऑफिसात मी "ती नारिंगी फाइल दे" म्हटलं तर नवीन मुलगी क्षणभर थांबली होती.

गोदाकाठ
तानापिहिनिपाजा! त्यात 'ना' आहे तो नारिंगीचाच. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. जोवर हे पाठ होतंय तोवर नारिंगी कुठे जात नाही.

पिंपळपान
वा, गोदाकाठ ताई. त्याची हकीकत इथेच सांगून टाकतो. न्यूटननं लोलकातून प्रकाश पाडला तेव्हा आधी त्यानं मुख्य रंग पाचच मोजले होते: तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. सप्तसुरांशी मेळ बसावा म्हणून पुढे त्यात दोन वाढवले, नारिंगी आणि पारवा. १७०४ साली त्याचा प्रकाशावरचा ग्रंथ निघाला त्यात सात आहेत. म्हणजे आपल्या पाठांतरातला 'ना' हा नंतर आत घेतलेला पाहुणा. आणि तो आत घेता आला, कारण तोवर इंग्रजीत त्या रंगाला नाव मिळालेलं होतं.

वर्धारोड
डच हॉकी संघ ऑरेंज का घालतो? त्यांच्याकडे तर संत्री पिकत नाहीत.

शुक्रवारी_तलाव
त्यांचं राजघराणं ऑरेंज घराणं. दक्षिण फ्रान्समध्ये ऑरेंज नावाचं गाव आहे, रोमन काळात त्याचं नाव होतं अराउसिओ. त्याचा फळाशी काही संबंध नव्हता. उच्चार झिजत झिजत फळाच्या नावाशी जुळला, आणि घराण्यानं तो रंगच आपलासा केला. त्याच घराण्यातला तिसरा विल्यम इंग्लंडचा राजा झाला, त्याच्यामुळे आयर्लंडच्या झेंड्यातही तो पट्टा आहे. रामटेककर काका, तुमच्या नागरंग-नागपूरसारखंच हे, फक्त तिथे अपघातानं जुळलेलं नाव खरोखरच चिकटलं.

पहिलीची_बाई
मी दुसऱ्या एका शाळेत पहिलीलाच शिकवते, म्हणून थोडं वेगळं लिहिते. काटोलनाका ताई, राग मानू नका. त्या वर्कशीटचा उद्देश मुलाला ऑरेंज हे विशेषण आलं की नाही हे पाहण्याचा असतो. ४५ मुलांचे कागद तपासताना चौकटीत 'ग्रीन' दिसलं तर बाईंना वाटणारच की मुलीला शब्द येत नाही. फुली मारली ते मला पटत नाही, मी मुलीला बोलावून विचारलं असतं. पण तिला शब्द येतो का, हे घरी एकदा पाहिलंत का? संत्रा बाजूला ठेवा. झेंडूचं फूल दाखवा आणि विचारा.

खरी अडचण मला चित्राची वाटते. रंग शिकवायला आपण अशी वस्तू घेतो जिचं नावच रंगाचं नाव आहे. मग मूल फळ ओळखून तोच शब्द पुन्हा लिहितं, आणि आपल्याला वाटतं त्याला रंग कळला. तुमच्या मुलीनं निदान नामाचा आणि विशेषणाचा गोंधळ केलेला नाही. पुढच्या वर्षी मी माझ्या वर्कशीटवर संत्र्याऐवजी झेंडू घेणार आहे.

पिंपळपान
बाई, तुमचा मुद्दा लाखमोलाचा आहे. इतकी वर्षं शिकवून हा माझ्या लक्षात आला नव्हता.

काटोलनाका
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस धाग्यावर येऊ शकले नाही, पण रोज रात्री थोडं थोडं लेकीला वाचून दाखवलं.

पहिलीची बाई, राग अजिबात नाही. तुम्ही सांगितलंत तसं केलं. देवघरात झेंडूचा हार होता, तो दाखवून विचारलं. ती लगेच म्हणाली, "ऑरेंज." मग फ्रीजमधलं गाजर दाखवलं, म्हणाली, "रेड, पण थोडं ऑरेंज." म्हणजे शब्द येतो. टोपलीतला संत्रा परत दाखवला तर म्हणाली, "ऑरेंज, पण ग्रीन." दोन्ही शब्द एका दमात, आणि दोन्ही बरोबर.

काल शाळेत भेटायचा दिवस होता. मी पिशवीत सहा-सात संत्रे नेले. भांडायला गेले नव्हते. बाईंसमोर एक सोलला. साल हिरवी, आतल्या फोडी गर्द नारिंगी. त्यांनी एक फोड खाल्ली आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की त्या दुसऱ्या राज्यातून लग्न होऊन इकडे आल्या आहेत, बाजारात नेहमी रंग पाहूनच घेतात, हिरवे कच्चे समजून कधी घेतलेच नाहीत. बगीचेवाले भाऊ, तुमचं देठाजवळ अंगठा दाबायचं मी त्यांना शिकवून आले. फुली तशीच आहे, ती खोडायला मी सांगितलं नाही. त्यांनी चित्र मात्र मागून घेतलं, वर्गाच्या भिंतीवर लावायला.

लेकीला नारंग-नारंज-नारांखा ही साखळी पाठ झाली आहे, आजोबांना फोनवर म्हणून दाखवली. नॅप्रनचं तिला विशेष आवडलं. रंगारी दादा, तिला तुमचे पाच डबे बघायचे आहेत, महालात कुठे यायचं ते निरोपात कळवाल का?

बाबा म्हणाले मृगाचा पहिला तोडा फेब्रुवारीत निघेल. तेव्हा ती दुसरं चित्र काढणार आहे. नारिंगी खडू आत्तापासून टोक करून वेगळा ठेवला आहे.

बगीचेवाला_नरखेड
फेब्रुवारीत आमच्याकडून एक कॅरेट पोरीच्या नावानं. काटोल नाक्यावर आणून देतो.